हल्ली मुक्काम परदेश

धुळे जिल्ह्याच्या कागदावर माझ्या बहिणीचा परदेशात एक नातेवाईक होता. जळगाव जिल्ह्याच्या कागदावर नऊ होते. दोन्ही कागद पोलिसांचे, दोन्हींवर गोल शिक्के, आणि दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले. टेबलापलीकडच्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ताईला विचारलं, "बाई, यातलं तुमचं खरं कुटुंब कोणतं?"

प्रश्न ताईच्या नोकरीचा होता. संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. लेखी परीक्षा, मुलाखत, डॉक्टरी तपासणी, सगळं पार पडलं होतं. आमच्या खानदानात यंत्रावर काम करणारे पुष्कळ, पण यंत्र कसं असावं हे ठरवणाऱ्या जागी कोणी पोचलं नव्हतं, आणि मुलगी तर नाहीच. उरली होती फक्त पडताळणी, म्हणजे पोलिसांकडून घराण्याची चौकशी, आणि तिच्यात शेवटचा शब्द या साहेबांचा. साहेबांनी 'माहिती दडवली' असा शेरा मारला की नोकरी गेली, आणि पुढच्या प्रत्येक सरकारी फॉर्मवर तो शेरा तिच्या मागे येणार. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होते, वडील मागे उभे होते. रागाने माझे कान तापले होते. आणि मग साहेबांनी जळगावच्या कागदाला जोडलेली झेरॉक्स आमच्याकडे फिरवली. अक्षराचं वळण पाहिलं आणि माझा राग पायातून जमिनीत गेला.

ते वळण मी निवडलं होतं.

पण आधी फॉर्मचं सांगते. धुळ्यात आमचा छोटा छापखाना आहे, वर घर, खाली यंत्र. आबा, म्हणजे आमचे वडील, लग्नसराईत पत्रिका छापतात आणि उरलेलं वर्षभर पत्रकं. अंगणवाडी सेविकांची, हमालांची, धरणात जमीन गेलेल्यांची, कायम न झालेल्या शिक्षकांची. मी अक्षरं शिकले ती वाया गेलेल्या कागदांवर. 'आमच्या मागण्या' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक'च्या आधी वाचता आले. आबांचा एकच नियम होता. पत्रकाच्या तळाशी मुद्रक म्हणून आपलं नाव जातं, तेव्हा वरचा मजकूर आपल्याला माहीत असताना खोटा असता कामा नये. मजकूर घेऊन आलेल्या पुढाऱ्याला ते उभ्या उभ्या विचारायचे, "हजार माणसं येतील म्हणता, ती कुठून?" पुढारी चिडायचा. आबा 'शेकडो' छापायचे.

अशा घरात ताईचा पडताळणीचा फॉर्म आला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात इशारा होता की माहिती खोटी दिली किंवा दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल. आत एक रकाना होता, परदेशात राहणाऱ्या आणि परदेशी नागरिक असलेल्या नातेवाइकांचा. ताईचं पेन तिथे थांबलं. आमचा मामा, आईचा धाकटा भाऊ, कॅनडात असतो. आदल्याच वर्षी त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं होतं.

"नको लिहूस," आई म्हणाली. "एवढ्या मोठ्या जगात सरकारला माझाच भाऊ दिसणार आहे का?"

"आई, दडवायचं नाही!" मी ओरडलेच. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला बोलायला सभा लागत नसे. "नातं म्हणजे काय चोरीचा माल आहे? लिहायचं, आणि त्यांनी अडवलं तर आपण लढायचं."

"तू लढ. नोकरी माझी जाईल," ताई म्हणाली. पण तिने लिहिलं. मामाचं नाव, गाव, देश, नागरिकत्वाचं वर्ष, सगळं. आईने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "मी त्याला दरवर्षी पोस्टाने राखी पाठवते, तेही लिही मग."

महिनाभराने धुळ्याचा हवालदार गणवेशात घरी आला. दहा मिनिटं बसला, कागद पाहिले, पाणी प्यायला. शेजारच्या किराणा दुकानातल्या मारवाडी शेठजींकडेही त्याने चौकशी केली. शेठजींच्या घरात चौकशी हा शब्द आला की गल्ल्यावरचा माणूससुद्धा गप्प होतो. ते म्हणाले, "पोरगी चांगली आहे, मामा बाहेर आहे, बाकी आपल्याला माहीत नाही." झालं. धुळ्याचा अहवाल एका मामाचा गेला.

पण फॉर्मवर कायमचा पत्ता आमच्या गावाचा होता, पारोळ्याजवळचा. तो जळगाव जिल्ह्यात येतो, म्हणून तिथली चौकशी जळगावच्या पोलिसांनी केली. आणि तिथला माणूस साध्या कपड्यात गेला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, पायात चकचकीत बूट. पारावर बसलेल्यांना त्याने विचारलं, अमक्याची पोरगी कशी आहे, घराणं कसं आहे, नातेवाईक कुठे कुठे असतात, परदेशात कोणी आहे का.

आता आमच्या गावात पंचविशीच्या बिनलग्नाच्या मुलीबद्दल कोणी अनोळखी माणूस हे प्रश्न विचारतो, तेव्हा तो कोण असतो? स्थळाकडचा! मुलाकडचे लोक बोलणी करण्याआधी एखाद्या शहाण्या माणसाला गुपचूप पाठवतात, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही माहीत. त्याला खरं सांगायचं नसतं, चांगलं सांगायचं असतं. उद्या आपल्या पोरीबद्दल शेजाऱ्याला कोणी विचारलं तर तोही तेच करणार. गावाने आमच्या प्रेमापोटी कंबर कसली.

त्या संध्याकाळी नानांचा फोन आला. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ, गावातलं घर सांभाळतात. आबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"आरे, पोरनी चौकशी कराले पाव्हना येल व्हता! भला माणूस शे. मी त्याले भरीत-पुरी खावाडी."

"कुठला पाहुणा, नाना? आम्ही तर कुठे बोललो नाही."

"तुम्ही नका बोला. मी बोलनू ना! त्याले सांगं, आमना भाऊबंद बठ्ठा परदेशमा शेतस. इश्वास नही बसना त्याना, तर लगीननी पत्रिकाच दी टाकी हातमा!"

नानांनी सगळे भाऊबंद परदेशात बसवले होते. आई हरखली. ताईने डोक्याला हात लावला, पण तेव्हा तो वेगळ्याच कारणासाठी. न विचारता स्थळ आलं म्हणून ती चिडली होती. पत्रिकेकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष गेलं नाही. ते गेलं पंधरा दिवसांनी, साहेबांच्या टेबलावर.

ती पत्रिका तीन वर्षांपूर्वी झालेल्या नानांच्या मुलाच्या लग्नाची. सूनबाई यावलची, केळीवाल्या घरातली. त्यांच्याकडची पत्रिका आधी आली आणि तिच्यात तीन जणांच्या नावापुढे परदेश छापलेला. एक लंडन, दोन अमेरिका. नाना दोन दिवस जेवले नाहीत. मग गाडी करून छापखान्यात आले. आबा त्या दिवशी कागद आणायला जळगावला गेले होते. संगणकापुढे मी होते, सोळा वर्षांची, आणि लग्नाच्या आनंदात.

"ल्ही," नाना म्हणाले. "ह. मु. दुबई."

आमच्याकडे पत्रिकेत नावापुढे 'ह. मु.' लिहितात, हल्ली मुक्काम. दुबई म्हणजे नानांच्या साडूचा मुलगा, जो तिथून आठ महिन्यांत परत येऊन पारोळ्यात टायरचं दुकान चालवत होता. सिंगापूर म्हणजे आतेभाऊ, ज्याचं जहाज तिथे एकदा दुरुस्तीला थांबलं होतं. तो तेव्हाच जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला होता. नेपाळ म्हणजे एक दूरचे काका, बारा दिवसांच्या यात्रेला गेलेले. जर्मनी म्हणजे तीन महिन्यांचं बाळ. त्याचा बाप पुण्यात एका जर्मन कंपनीत कामाला होता. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली मी त्या बाळाच्या नावापुढे 'ह. मु. जर्मनी' असं टाइप केलं आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऑस्ट्रेलिया म्हणजे तर नानांच्या शाळासोबत्याचा मुलगा. तो आमचा कोणीच नव्हता. उरलेले तिघेही असेच. नऊमध्ये खरा एकच, मामा.

आबांच्या नियमाची मला त्या दिवशी आठवणसुद्धा झाली नाही. पत्रिका म्हणजे काय पत्रक थोडंच, असं मी समजले. उलट परदेश जास्त उठून दिसावा म्हणून मी ते शब्द जाड केले होते. झेरॉक्समध्येही ते जाडच दिसत होते.

"ही पत्रिका तुमच्याच छापखान्याची ना?" साहेबांनी तळाची ओळ दाखवली. आबांचं नाव.

आबांनी ती ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सर, मजकूर मी टाइप केला. यातले आठ खोटे आहेत."

"खोटे म्हणजे?"

"म्हणजे माणसं खरी आहेत. मुक्काम खोटा आहे. एकाचं तर नातंच खोटं आहे."

साहेब हसले नाहीत. पण फाइल बंदही केली नाही. ते ताईकडे वळून शांतपणे म्हणाले, "हे बघा, परदेशात नातेवाईक असणं हा गुन्हा नाही. आम्ही पाहतो नातं किती जवळचं, देश कोणता, बोलणं-चालणं किती, त्या माणसामुळे तुमच्यावर दबाव येऊ शकतो का. हे सगळं सांगता येतं. पण तुम्ही एक लिहिता आणि गाव नऊ सांगतं, तेव्हा मला वाटणार की आठ दडवले. आठ दिवस देतो. प्रत्येकाचं लेखी आणा, कोण, कुठे, नातं काय. आणि ज्यांनी ही पत्रिका दिली, त्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं गावी गेलो. नाना ओट्यावर बसले होते. पाव्हना पोलीस होता हे ऐकून ते आधी दचकले, मग उखडले.

"माले काय माहीत, तो पोलीस शे! टोपी नही, दांडा नही! पोलीस असा राहस का?"

"नाना, झालं ते झालं," आबा म्हणाले. "आता लिहून द्या, की ते आठ जण लग्नाच्या शोभेला छापले."

नाना उभेच राहिले. "शोभेले? मना हातनी ल्हिसू? आणि यावलवाला ऐकतीन त्यानं काय? सूनना बापपुढे मी मान कशी वर करसू?"

"तुमची मान, आणि माझी नोकरी," ताई म्हणाली. एवढंच. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो सगळ्या ओट्यावर ऐकू गेला.

नाना भिंतीकडे पाहत राहिले. मी तोंड उघडलं, मला सत्यावर भाषण द्यायचं होतं, आणि आबांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. इतक्यात चहा घेऊन सूनबाई, म्हणजे आमची वहिनी, बाहेर आली. वहिनीने सगळं आतून ऐकलं होतं. तिने ट्रे खाली ठेवला आणि ती ओढणीत तोंड घालून हसायलाच लागली.

"काय झालं व?" नाना गुरकावले.

"नाना, आमच्या पत्रिकेतले लंडनचे काका आहेत ना? ते रावेरला असतात. त्यांच्याकडे पासपोर्टच नाही."

नाना भिंतीकडून वळले.

"आणि अमेरिका?" नानांनी हळूच विचारलं.

"एक जण आहे खरोखर. दुसरा त्याचा मित्र."

नानांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. ते इतके हसले की ठसका लागला आणि आबांना त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. "तिनी मायनी! आणि मी दोन दिन उपाशी ऱ्हायनू!" मग त्यांनी डोळे पुसले. "आन रे कागद. मी सही करसू."

पुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत धावपळीचे. आबांच्या स्कूटरवर मागे बसून मी धुळे-पारोळा-जळगाव असे फेरे मारले, पिशवीत कोरे कागद आणि इंकपॅड. माणूस परदेशात नाही याचा पुरावा गोळा करणं किती अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं! दुबईवाले भाऊ पाना हातात धरूनच म्हणाले, "ए, आतेबी लोके माले दुबईवालाच म्हणतस. दुकान त्याच नावावर चालस. लिहून दिसू, पण गावमा सांगू नको." जळगावच्या आतेभावाने कारखान्याचं ओळखपत्र दिलं आणि जहाजावर पाहिलेल्या लाटांची गोष्ट पाऊण तास सांगितली. नेपाळच्या काकांनी यात्रेच्या बसचा फोटो दिला, त्यात त्यांचं तोंड दिसत नव्हतं, कारण ते खिडकीतून ओकत होते. पुण्याहून बाळाच्या बापाने बालवाडीचा दाखला फोनवर पाठवला. खाली त्याने लिहिलं होतं, 'सदर उमेदवार अद्याप जर्मन बोलत नाही.'

सगळ्यात शेवटी आबांनी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"हा कोणाचा?"

"तुझा."

मी लिहिलं. मजकूर मी जुळवला, तो खोटा आहे हे मला माहीत होतं, मुद्रकाला दाखवला नाही. तीन ओळी होत्या. इतकं कठीण पत्रक मी आजवर लिहिलेलं नाही.

आठव्या दिवशी आम्ही साहेबांपुढे उभे राहिलो. नाना धुतलेलं धोतर नेसून, टोपी हातात घेऊन. साहेबांनी एकेक कागद वाचला. जर्मनीवर त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग त्यांनी नानांना विचारलं, "आमच्या माणसाला हे सगळं का सांगितलंत?"

"साहेब, तुमना माणूस नवरी धुंडाले उना आसं वाटनं माले. पोरनं भलं व्हवाले सांगं." मग नानांना राहवलं नाही. "त्यानं लगीन झायं का हो?"

"झालं," साहेब म्हणाले. "आणि तुमच्या भरीत-पुरीचं त्याने अहवालात लिहिलेलं नाही, हे त्याचं नशीब."

मग ते ताईकडे वळले, आणि खोलीतली हवा बदलली. आठ जण निघून गेले होते. आता खरा मामा उरला होता.

"मामाशी किती वेळा बोलता?"

"दर रविवारी, सर. व्हिडिओ कॉल असतो. आई फोन कपाळाशी धरते, त्यामुळे त्याला मुख्यतः कपाळच दिसतं."

"तिथे काय करतात ते?"

तिने सांगितलं. मामाची कंपनी, त्याची बायको कुठली, किती वर्षांपासून तो तिथे आहे. एकही उत्तर तिने लांबवलं नाही की तोडलं नाही. मग साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"समजा उद्या मामांनी सहज विचारलं, तुझ्या प्रयोगशाळेत काय चालतं, तर?"

मला वाटलं ती म्हणेल, मामा असं कधी विचारणार नाही. मीसुद्धा तेच म्हणाले असते, आणि छाती काढून.

ताई म्हणाली, "विचारेल, सर. त्याला माझं कौतुक आहे, तो नक्की विचारेल. मी सांगणार नाही. तो रुसेल. आणि त्याने विचारलं होतं, हे मी तुमच्या खात्याला कळवीन. तरी रविवारी मी त्याच्याशी बोलेन."

"बोलणं बंद करा असं म्हटलं तर?"

"तसा नियम असेल तर आधी दाखवा, सर. नसेल तर तो माझा मामा आहे."

मला वाटलं टेबलावर चढून टाळ्या वाजवाव्यात. इतकी वर्षं मी घोषणा लिहीत होते आणि घोषणा कशी असते हे माझी बहीण मला हळू आवाजात दाखवत होती. साहेबांनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं आणि तिची सही घेतली. बाहेर आल्यावर आईला फोन केला, तर ती एकच विचारत होती, "राखीचं लिहिलं ना त्यांनी?"

मग चार महिने काहीच आलं नाही. मी तडफडत होते. एका दुपारी मी संगणकावर बसले आणि पत्रक टाइप करायला घेतलं, 'मामा असणे हा गुन्हा आहे काय?' आबांनी मागून वाचलं.

"मागणी काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"पत्रकाला मागणी लागते. विचारूच नका म्हणतेस?"

मी विचार केला. विचारू नये असं मला वाटत नव्हतं. ज्या खोलीत देशाची गुपितं असतील, तिच्या दारात विचारलंच पाहिजे. मला राग होता तो वाट पाहण्याचा, आणि काही न कळण्याचा. "इतक्या दिवसांत उत्तर द्या, आणि नाकारलं तर कारण द्या," मी म्हणाले.

"हे छापू," आबा म्हणाले. "पण ताईसाठी नाही. सगळ्यांसाठी. आणि तिचा निकाल लागल्यावर, म्हणजे कोणी म्हणणार नाही की घरच्यांसाठी छापलं."

निकाल लागला तो एका मंगळवारी, यंत्र चालू असताना. ताई वरून जिना उतरताना काहीतरी ओरडत होती आणि यंत्राच्या खडखडाटात ऐकू येत नव्हतं. तिने फोन सरळ माझ्या नाकापुढे धरला. 'रुजू होण्याबाबत.' मी यंत्राचं बटण दाबलं, ते थांबलं, आणि त्या शांततेत मी जी किंकाळी फोडली ती ऐकून शेठजी चप्पल न घालता धावत आले. आबांनी ते पत्र तीनदा वाचलं. मुद्रितं तपासावीत तसं, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी फोन शेठजींच्या हातात दिला.

रविवारी मामाला सांगितलं. तो तिकडे नाचला. मग ताईने त्याला सांगितलं की तो भारतात आला की तिला भेटीबद्दल ऑफिसात कळवावं लागेल, आणि कामाबद्दल त्याने काही विचारायचं नाही. मामाचं नाचणं थांबलं. "इतका परका झालो का गं मी?" तो म्हणाला. आईचं कपाळ हललं. ताई म्हणाली, "परका झाला असतास तर लिहायला नको होतं, मामा. जवळचा आहेस म्हणून लिहावं लागतं." तो हसला, पण लगेच नाही.

ताईला सोडायला गाव धुळ्याच्या बसस्टँडवर आलं. नाना, वहिनी, टायरवाले भाऊ, पारावरची चारपाच मंडळी. गावातल्या एका काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तठे काय काम करशी व माय?"

ताईने त्यांचा हात धरला. "सांगता येत नही, काकू."

"आम्हलेबी नही?"

"कोणालाच नाही."

काकूंनी वळून नानांकडे पाहिलं. सगळ्या गावाने पाहिलं. गाडीने हॉर्न दिला, ताई चढली, आणि नानांनी छाती पुढे काढून स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मालेबी माहीत नही!"